त्रेसष्ट टक्के

कुताईसीत, पावाच्या भट्टीवरच्या खोलीत
माझं यंत्र त्रेसष्टवर येऊन बसलं आहे.
बासष्टपर्यंत कसं सुरळीत आलं:
चर्चमधले मुकुट, मेणबत्त्या, हॉर्न वाजवत निघालेल्या गाड्या,
नवरीच्या मावशीचं पाय आपटून नाचणं.
आणि आता, चढावर खेचरानं खूर रोवावेत तसं.
उरलेला वेळ: नऊ तास.
चहा करून आले तर
अकरा.

रविवारी पहाटे नवरी विमानात बसणार.
तिची आई, त्सियाला, तीनदा फोन करून झाली.
"नेस्तान, पोरी, झालं का?"
होतंय म्हटलं. रेंडर लागलाय.
रेंडर म्हणजे काय, तिनं विचारलं नाही.
ताप लागलाय म्हटल्यासारखी म्हणाली,
"बरं. जप."

मग नेहमीचे संशयित एकेक उभे केले.
पंख्याचं झाकण काढलं: आत पिठाची साय,
दोन वर्षं भट्टीतून वर चढत आलेली.
रंगाच्या ब्रशनं झाडली. तापमान उतरलं,
आकडा हलला नाही.
डिस्कची वायर जुन्या खोबणीतून निळ्या खोबणीत घातली.
बेसोच्या फोनवरचं चित्रण,
ज्याच्या फ्रेमा कधी तीस, कधी सव्वीस, झिंगल्यासारख्या,
ते नव्यानं बांधून घेतलं.
कॅशे पुसला. ड्रायव्हर बदलला.
ग्राफिक्स कार्ड कामाला लागलंय का पाहिलं:
लागलं होतं, बिचारं धापा टाकत होतं.
म्हशीला दुखणं आणि मी पखालीला डाग देत बसलेली.

दोन वाजता, जे आधी करायचं ते शेवटी केलं.
टाइमलाइन अर्धी कापली, चालवून पाहिली,
अडलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं,
त्याचंही अर्धं,
असं करत चौदा सेकंदांवर येऊन थांबले.

तमादा पेला उंचावून उभा. वाडवडिलांच्या नावानं बोलतोय.
त्याच्या मागे भिंत. भिंतीला दार.
दारापाशी कोणी नाही.

कोणी नाही, कारण मीच मंगळवारी केलं नाहीसं.
त्सियालानं पडद्यावर नख टेकवून सांगितलं होतं: हा नको.
झाउर, नवरीचा बाप.
बारा वर्षांनी, न बोलावता, बातुमीहून आलेला.
शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच,
हातात कुणीतरी दिलेला पेला.
मी त्याच्याभोवती रेघ ओढली
आणि एक बटण दाबलं. मला दोन मिनिटं लागली.

यंत्राला मात्र
प्रत्येक फ्रेमेत आधी तो शोधावा लागतो,
केसांपासून बुटांपर्यंत नीट ओळखावा लागतो,
मग त्याच्यामागे जी असेल असं वाटतं
ती भिंत रंगवावी लागते, ओलीच्या डागासकट.
तो स्थिरही उभा राहत नाही.
मुलगी हसली की जरासा पुढे झुकतो.
पुन्हा शोध. पुन्हा भिंत.
सेकंदाला पंचवीस, एकूण साडेतीनशे वेळा.
त्या अख्ख्या लग्नात
इतकं निरखून कुणी कुणाला पाहिलं नसेल.

तपासापुरता तो इफेक्ट बंद केला.
उरलेला वेळ: एकवीस मिनिटं.
आणि दारात तो.

कितीतरी वेळ माउसवर हात ठेवून बसले.
पैसे त्सियालाचे. बारा वर्षंही तिचीच,
मी त्यातली एक रात्र पाहिली नाही.
मग चौकटच थोडी मोठी केली, एकशे चौदा टक्के,
किंचित बाजूला सरकवली.
यंत्राला हे फुंकर मारण्याइतकं सोपं.
दार गेलं, शर्ट गेला, चेहरा गेला.
कडेला उरला एक पेला
आणि तो धरणारी चार बोटं.
आणखी दोन टक्के वाढवले असते तर तीही गेली असती.
नाही वाढवले.

शनिवारी त्सियाला माझ्या खुर्चीत बसून पाहत होती.
त्या चौदा सेकंदांत तिनं स्पेसबार दाबला.
चित्र थांबलं.
खाली भट्टीवाला कुणाला तरी सुट्टे पैसे मोजून देत होता,
ते सगळे ऐकू आले.
मी मागे उभी होते. ती तमादाकडे बघत होती
की कडेला, ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

मग तिनं पुन्हा स्पेसबार दाबला.